एबी फॉर्म नसलेली निवडणूक

न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, २४ जून २०२५ ला झाली. नागरिक झाल्यावरचं माझं हे पहिलं मतदान. त्याआधी चार-पाच महिने मी जोहरान ममदानी या उमेदवारासाठी सह्या गोळा करत आणि जिने चढत-उतरत होते. निकालानंतर ओळखीच्या मराठी घरांतून सारखे तेच प्रश्न येताहेत. नाव कुठे नोंदवायचं, ग्रीन कार्डवर काय चालतं, अनोळखी माणसाचं दार वाजवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. उमेदवार तुम्हाला आवडो न आवडो, तारखा आणि फॉर्म सगळ्यांना सारखेच आहेत.

आधी प्रायमरीबद्दल. मी मिरजेची. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं एका पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात घालवली. नगरपालिकेचं तिकीट दर वेळी ऐनवेळी भलत्यालाच. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो, यावर सगळं ठरायचं. इथे पक्षाचा उमेदवार पक्षात नाव नोंदवलेले मतदार ठरवतात, तेही गुप्त मतदानाने. हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि बंडखोरी?”

“बाबा, ही सगळी बंडखोरीच आहे. फक्त वेळापत्रक छापलेलं असतं.”

ते वेळापत्रक मात्र कुणी घरी आणून देत नाही.

नागरिकत्वाचा अर्ज मी एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन भरला, फी ७१० डॉलर. मुलाखतीचा बाऊ करू नका. तेव्हा शंभर प्रश्नांतले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर आले की पुरे व्हायचं. शपथविधी डिसेंबरात ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात झाला, म्हणजे नोव्हेंबरची अध्यक्षपदाची निवडणूक हुकलीच. (भारतीय पासपोर्ट सरेंडर करणं आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, ही वेगळी पोथी आहे, पुन्हा कधीतरी.) सभागृहाबाहेर काही स्वयंसेवक मतदार नोंदणीचे फॉर्म वाटत होते. त्या फॉर्मवर पक्षाचा एक रकाना असतो. एका वयस्कर बाईंनी त्यावर पेनाने टकटक केलं आणि सांगितलं, प्रायमरीत मत द्यायचं असेल तर इथे काहीतरी निवडावंच लागेल. न्यूयॉर्कची प्रायमरी बंदिस्त असते. डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तरच डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत, एरवी नाही. मी तिथेच खूण केली.

आमच्या घरचा दुसरा मतदार कितीतरी वर्षं ‘कुठलाही पक्ष नाही’ म्हणून नोंदवलेला. मराठी नवऱ्यांना पक्षात नसण्याचा एक वेगळाच अभिमान असतो. आता इथे नीट लक्ष द्या. नाव आधीपासून नोंदवलेलं आहे आणि पक्ष बदलायचाय किंवा नव्याने घ्यायचाय, तर २०२५ साली मुदत १४ फेब्रुवारीपर्यंतच होती, म्हणजे मतदानाच्या चार महिने आधी! त्यानंतर दिलेला अर्ज प्रायमरी होऊन जाईपर्यंत बाजूला ठेवतात. पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यांना मात्र १४ जूनपर्यंत वेळ होता. फेब्रुवारीच्या थंडीत जूनच्या निवडणुकीचा विचार कोण करतो? निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पिनकोड टाकून आपली नोंद तपासता येते. नवऱ्याचा फॉर्म आम्ही जानेवारीअखेर भरला, पोस्टाने कार्ड आलं, त्यावर पक्षाचं नाव होतं. ते कार्ड जपून ठेवा.

ममदानीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते एका व्हिडिओमुळे. २०२४ च्या नोव्हेंबरात, ट्रम्प निवडून आल्यावर, हा माणूस ब्रॉंक्सच्या फोर्डहॅम रोडवर आणि क्वीन्सच्या हिलसाइड अव्हेन्यूवर माइक घेऊन उभा होता. तुम्ही ट्रम्पला मत का दिलंत, किंवा मतच का दिलं नाहीत, एवढंच विचारत होता आणि लोकांना बोलू देत होता. उमेदवार ऐकतोय हे दृश्य मला नवीन होतं. मग १ जानेवारीला कोट-टायसकट कोनी आयलंडच्या गारठलेल्या समुद्रात उडी मारून त्याने घरभाडं गोठवायचं आश्वासन दिलं. स्टंट होताच. पण शहरात भाडं नियंत्रित असलेली जवळपास दहा लाख घरं आहेत, त्यांतलं एक आमचं. २०२४ साली भाडे मंडळाने, म्हणजे या घरांची भाडेवाढ ठरवणाऱ्या शहराच्या मंडळाने, एक वर्षाच्या करारावर २.७५ टक्के वाढ मंजूर केली होती. तो आकडा आमच्या स्वयंपाकघरात बराच काळ चर्चेत होता.

माणूस तेव्हा ३३ वर्षांचा, कंपालात जन्मलेला, २०१८ साली अमेरिकेचा नागरिक झालेला. अस्टोरियाचा राज्य विधानसभेतला तेव्हाचा प्रतिनिधी. आई चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर, वडील प्राध्यापक महमूद ममदानी, त्यांचा जन्म मुंबईचा. स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारा. फेब्रुवारीतल्या एका जनमत चाचणीत त्याला एक टक्का होता. नवरा म्हणाला, तो एक टक्का बहुतेक आपल्याच इमारतीत राहतो.

पैशांचं थोडक्यात सांगते. शहरात राहणाऱ्याने छोटी देणगी दिली की शहर त्यावर आठपट रक्कम घालतं, दहा डॉलरचे नव्वद होतात. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर चालत नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करायला मात्र कुणालाच हरकत नाही. देणगी देताना नाव, पत्ता, नोकरी कुठे, हुद्दा काय, हे सगळं भरून घेतात. घाबरायचं कारण नाही, तो कायदाच आहे. माझ्या एडिसनच्या मावसबहिणीनेही हौसेने दहा डॉलर पाठवले. ते दहाच राहिले, कारण ती न्यू जर्सीत राहते. मार्चअखेर गंमतच झाली. प्रायमरीतल्या खर्चाची मर्यादा सुमारे ८० लाख डॉलर, तेवढी जमवाजमव झाल्यावर उमेदवारानेच व्हिडिओ काढून सांगितलं की आता पैसे पाठवू नका, वेळ द्या. बाबांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

सह्यांचा काळ २५ फेब्रुवारीला सुरू झाला. मतपत्रिकेवर नाव यायचं तर पक्षाच्या मतदारांच्या किमान ३,७५० वैध सह्या लागतात. विरोधक त्या एकेक करून तपासतात आणि आव्हान देतात, म्हणून सगळेच उमेदवार कितीतरी जास्त गोळा करतात. डेमोक्रॅटिक पक्षाचे कागद हिरवे असतात. मला एक लाकडी पॅड, हिरव्या कागदांचा गठ्ठा आणि दोन काळी पेनं मिळाली, आणि माझी जागा ठरली जॅक्सन हाइट्सच्या रूझवेल्ट अव्हेन्यू स्टेशनच्या तोंडाशी.

सही घ्यायची असेल तर पुढचं वाचून घ्या. सही करणारा शहरात राहणारा आणि त्याच पक्षात नोंदवलेला हवा. एका पदासाठी एकाच उमेदवाराला सही देता येते, दोघांना दिली तर आधीच्या तारखेची धरतात. म्हणून पहिला प्रश्न “डेमोक्रॅट आहात का?” आणि दुसरा “महापौरासाठी आधी कुणाला सही दिलीत का?” तारीख आणि पत्ता आपण लिहिला तरी चालतं, सही मात्र त्याचीच हवी आणि आपल्या डोळ्यांदेखत व्हायला हवी. पत्ता मतदार यादीतलाच, नव्या घराचा नाही. खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी आद्याक्षरं. पान भरलं की खाली साक्षीदार म्हणून आपण सही करायची, ती शपथपत्राइतकीच गंभीर मानतात. साक्षीदार त्याच पक्षाचा नोंदणीकृत मतदार लागतो (नाहीतर नोटरी), त्यामुळे ग्रीन कार्डवाल्यांना हे काम एकट्याने करता येत नाही. पानाचा क्रमांक कोरा ठेवायचा, तो शेवटी बांधणी करताना घालतात. आणि थंडीत बॉलपेनची शाई गोठते. एक पेन कायम कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

पहिल्या दिवशी तोंडातून आवाज फुटेना. वीसेक वर्षं या शहरात राहून मी कधी अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवलं नव्हतं. लोक कानात बोंडं घालून निघून जायचे. आमची प्रमुख बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. तिने सांगितलं, ‘एक मिनिट आहे का’ असं विचारू नकोस, सरळ म्हण, ‘भाडं गोठवायला सही द्या.’ त्यानंतर जरा जमायला लागलं. पण खरी अडचण निराळीच होती. त्या चौकातले निम्मे लोक नागरिकच नाहीत, आणि उरलेल्यांतले बरेच कुठल्याच पक्षात नाहीत. उत्साहाने पेन हातात घेतलेला माणूस पक्षाचं विचारल्यावर ओशाळून परत द्यायचा. चौदा फेब्रुवारी उलटून गेलेली, त्याला आता काही करता येण्यासारखं नव्हतं. या काळात मी सर्वात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य बहुतेक “पुढच्या वेळी नक्की” हेच असावं.

काही जण कागदावर पत्ता लिहायला कचरत होते. २०२५ च्या वातावरणात, स्थलांतरितांच्या धरपकडीच्या बातम्या रोज येत असताना, ते समजण्यासारखं होतं. एका नेपाळी बाईंनी सही केली, दोन पावलं गेल्या, परत येऊन विचारलं, हा कागद नक्की कुठे जातो? निवडणूक मंडळात जातो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो, हे खरं ते सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सही तशीच राहू दिली. अशा वेळी गोड बोलून वेळ मारून नेऊ नका.

मधल्या काळात, १ मार्चला, अँड्र्यू कुओमो रिंगणात उतरले. माजी गव्हर्नर, माजी गव्हर्नरांचे चिरंजीव. लैंगिक छळाच्या आरोपांवरच्या चौकशी अहवालानंतर २०२१ साली राजीनामा दिलेला, आरोप त्यांना मान्य नाहीत. जनमत चाचण्यांत पहिल्या दिवसापासून सर्वात पुढे. सह्या जमा करायची शेवटची तारीख ३ एप्रिल होती, आणि त्याच दिवशी तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनी प्रायमरी सोडून अपक्ष लढायचं जाहीर केलं.

एप्रिलपासून घरोघरी प्रचार. फोनवर एक अ‍ॅप, त्यात आपल्या भागाची यादी. संपूर्ण इमारतीची नाही, फक्त डेमोक्रॅट मतदारांची. कोणतं दार, कुणाचं नाव, वय. बोलणं झालं की एक ते पाच अशी खूण करायची: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधात. बहुतेक दारांवर ‘घरी नाही’ एवढीच खूण होते, त्याने खचून जाऊ नका. लिफ्ट असेल तर वरच्या मजल्यावर जाऊन जिन्याने उतरत या. एल्महर्स्टच्या जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण चालू असेलच असं नाही. पत्रक टपालपेटीत कधीही टाकू नका, तो केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. कडीला अडकवायचं किंवा दाराखालून सरकवायचं. आणि दार वाजवल्यावर एक पाऊल मागे सरका, म्हणजे आतल्याला भोकातून तुमचा चेहरा नीट दिसतो.

या दारांमागे मला जे शहर दिसलं ते ऑफिस-घर करताना कधी दिसलं नव्हतं. एका पंजाबी टॅक्सीचालक काकांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. २०२१ साली परवान्याच्या कर्जात बुडालेल्या चालकांनी सिटी हॉलबाहेर उपोषण केलं तेव्हा ममदानीही पंधरा दिवस उपाशी बसला होता, हे मला त्यांनीच सांगितलं, आणि वर चहा पाजला. एका बांगलादेशी आपांच्या घरात पाच मतं होती. माझं हिंदी आणि त्यांचं बांगला यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांची नात दुभाषी झाली.

आणि एका आजींनी दारातच सांगितलं की आपलं मत कुओमोंना. २०२० च्या वसंतात एल्महर्स्ट हॉस्पिटलबाहेर रांगा लागलेल्या असताना, रोज टीव्हीवर येऊन जो माणूस धीर देत होता त्याला मी विसरणार नाही, म्हणाल्या. हा दुसरा मुलगा गोड आहे, पण त्याने आजवर चालवलंय काय? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाचची खूण केली, आणि दुसऱ्या पसंतीला कुणाचा विचार केलाय ते विचारलं. आजी हसल्या, तेवढं तरी विचारायला कुणी आलं म्हणाल्या.

दुसऱ्या पसंतीचा प्रश्न उगाच नव्हता. शहराच्या प्रायमरीत २०२१ पासून पसंतीक्रमाने मत देतात. २०२५ साली अकरा उमेदवार होते, त्यांतल्या पाचांना क्रम देता येत होता. तुमची पहिली पसंती बाद झाली की मत दुसरीकडे सरकतं. एकाच उमेदवारापुढे पाचही खुणा केल्या तर काहीच जास्त मिळत नाही, मत एकदाच मोजतात. हे समजावण्यात दारावरचा निम्मा वेळ जायचा. नंतर ममदानीने लस्सीचे ग्लास मांडून हिंदीत व्हिडिओ काढला, तेव्हापासून हिंदी कळणाऱ्या घरांत माझं काम फार सोपं झालं. १३ जूनला त्याने आणि ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना दुसरी पसंती द्या असं आवाहन केलं. एकाच जागेसाठी भांडणारे दोन उमेदवार शेजारी उभे राहून एकमेकांसाठी मत मागताहेत! यावर बाबांचा विश्वास बसायला दोन फोन लागले.

मराठी मंडळींबद्दल लिहिलं नाही तर ते खोटेपणाचं होईल. मे महिन्यात एका कार्यक्रमात ममदानी पंतप्रधान मोदींबद्दल फार कडक बोलला, आणि आमच्या मराठी ग्रुपवर दिवाळीतल्यासारखे फटाके फुटले. मलाही त्याचं ते बोलणं पटलं नव्हतं, आणि मी तसं लिहिलं. पण मी महापौर निवडत होते, ज्याच्या हातात कचरा, शाळा आणि भाडे मंडळ असतं. काही मैत्रिणींशी अजून पूर्वीसारखं बोलणं होत नाही. सर्वात तावातावाने लिहिणाऱ्यांतले बरेचसे न्यू जर्सीतल्या एडिसन आणि पार्सिप्पनीचे होते, ज्यांना या निवडणुकीत मतच नव्हतं, हेही नोंदवून ठेवते.

शेवटच्या महिन्यात टीव्ही आणि टपालपेटी कुओमोंच्या बाजूच्या जाहिरातींनी भरून गेली. त्यांना पाठिंबा देणाऱ्या एका स्वतंत्र गटाने दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग त्यातले मोठे देणगीदार. आमच्याकडे माणसं होती. मार्चमध्ये आमच्या शिफ्टला पाच-सहा जण यायचे, जूनमध्ये उद्यानाच्या फाटकाशी इतकी गर्दी व्हायची की प्रमुख मुलगी बाकावर चढून याद्या वाटायची. बहुतेक सगळे पहिल्यांदाच असं काही करणारे. मोहिमेच्या सांगण्यानुसार असे स्वयंसेवक शहरभर ५० हजारांच्या आसपास झाले.

मुदतपूर्व मतदान १४ ते २२ जून. याचं केंद्र आणि २४ तारखेचं केंद्र वेगळं असू शकतं आणि वेळाही रोज बदलतात, म्हणून संकेतस्थळावर पाहूनच निघा. मी पहिल्याच दिवशी पावसात गेले. टॅबलेटवर सही केली, लांबलचक कागदी मतपत्रिका मिळाली, गोल पेनाने भरले, यंत्रात सरकवली. एकूण दहा मिनिटं. बाहेर पडल्यावर नवऱ्याने विचारलं, पाचवी पसंती कुणाला? मी सांगितलं नाही. शहरभर पावणेचार लाखांहून जास्त लोकांनी आधीच मत दिलं.

२४ जूनला सेंट्रल पार्कात पारा ३७ अंशांच्या वर गेला. मी रजा काढली होती. केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत प्रचाराला बंदी, बिल्ला किंवा टीशर्टसुद्धा चालत नाही, म्हणून आम्ही खडूच्या खुणेपलीकडे उभे. कुओमोंच्या बाजूचे दोघे आमच्या समोरच्या सावलीत होते. अकराच्या सुमारास त्यांचं पाणी संपलं, आमच्याकडे बर्फाची पेटी होती. दुपारनंतर दोन्ही गट एकाच झाडाखाली आले. रात्री नऊला मतदान संपलं.

निकालाला मी घरीच होते, पाय मिठाच्या पाण्यात सोडून. वाटलं होतं पसंतीक्रमाची मोजणी होईपर्यंत आठवडाभर टांगणी आहे. पण पहिल्या पसंतीतच ममदानी सात टक्क्यांनी पुढे होता, आणि साडेदहाच्या आसपास कुओमोंनी हार मान्यही केली. आधी मला आनंद झालाच नाही, फक्त कळेना की आता काय करायचं. मग खालच्या रस्त्यावरून गाड्यांचे हॉर्न ऐकू यायला लागले. १ जुलैला पूर्ण मोजणी जाहीर झाली: ममदानी ५६ टक्के, कुओमो ४४.

कुओमोंनी हार मानली तेव्हा मिरजेत सकाळ होती. बाबा म्हणाले, “आता पडलेला काय करणार ते बघ.” १४ जुलैला कुओमोंनी नोव्हेंबरची निवडणूक स्वतंत्रपणे लढवायचं जाहीर केलं, तेव्हा फोन बाबांचाच आला. “झालीच ना बंडखोरी?” इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यानंतरची तारीख ४ नोव्हेंबर २०२५ होती. त्या मतदानाला पक्षाची अट नव्हती, कोणताही नोंदणीकृत मतदार मत देऊ शकत होता, नवीन नोंदणीची मुदत २५ ऑक्टोबर होती. ३० जूनला, म्हणजे मोजणीच्या आदल्याच दिवशी, भाडे मंडळाने एक वर्षाच्या करारावर ३ टक्के आणि दोन वर्षांच्या करारावर साडेचार टक्के वाढ मंजूर केली. आमचा करार त्या डिसेंबरात संपणार होता. नवरा म्हणत होता दोन वर्षांचा करून मोकळे होऊ, मी म्हणत होते एकाचाच कर.